झडप दुसऱ्यांदा बदलण्यापूर्वी

हृदयाच्या झडपांविषयी या सदरात लिहिल्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतली निम्म्याहून अधिक एकाच अडचणीची आहेत. पूर्वी एकदा बदललेली झडप आता पुन्हा बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तर त्याची तयारी कशी करावी, असे त्यांत विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे. परंतु त्यातले पुष्कळसे इतरांनाही लागू असल्याने ते कापलेले नाही. पत्रलेखकांची नावे देत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५४ आहे. लहानपणी तिला सांधे सुजून ताप येत असे आणि त्यातूनच पुढे झडप खराब झाली, असे डॉक्टरांनी सांगितले होते. २०१० साली पुण्यात तिची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलली. धातूच्या झडपेसाठी लागणाऱ्या रक्ततपासणीची गावाकडे सोय नाही म्हणून तेव्हा ती न बसवता जैविक (प्राण्याच्या ऊतीची) झडप बसवली. गेल्या वर्षापासून तिला रानातली चढण चढवत नाही, पायांवर सूज येते आणि आता दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. इकोमध्ये झडप कडक होऊन गळते आहे, फुप्फुसातील दाब वाढला आहे आणि उजवीकडची झडपही गळते आहे, असे आले. ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करा, असा सल्ला मिळाला आहे. पण दुसऱ्यांदा छाती उघडली की माणूस राहत नाही, असे शेजारी म्हणतात. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल निघेल आणि मे महिन्यात बहिणीचे लग्न आहे, तोवर थांबावे का? मांडीतून झडप बसवतात असे ऐकले, ते आईला चालेल का? (तासगाव तालुका)

उत्तर : आधी शेजाऱ्यांच्या बोलण्याविषयी. दुसऱ्यांदा छाती उघडणे पहिल्या वेळेपेक्षा अवघड असते आणि त्यात धोका अधिक असतो. हे खरे आहे आणि ते आईंपासून लपवूही नये. परंतु त्यातून माणूस राहतच नाही, हे खरे नाही. जेथे हृदयशस्त्रक्रिया नेमाने होतात अशा केंद्रांत या शस्त्रक्रिया सतत होत असतात आणि बहुतेक रुग्ण आपल्या पायांनी घरी जातात.

धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी सर्जन काही गणिते वापरतात. युरोस्कोअर-२ हे त्यांपैकी एक प्रचलित गणित असून त्यात सुमारे दीड डझन गोष्टी विचारल्या जातात. हृदयाची शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे का, हा त्यातला केवळ एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर आता बदलता येणार नाही, आणि वयही बदलता येणार नाही. पण मूत्रपिंडे कशी चालतात, फुप्फुसातील दाब किती चढला आहे, हृदयाची आकुंचनशक्ती किती उरली आहे, दम चालल्यावर लागतो की बसल्या जागी, झडपेला जंतुसंसर्ग आहे का, आणि शस्त्रक्रिया दिवस ठरवून होते आहे की रात्री-अपरात्री तातडीने, हेही त्याच गणितातले प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे रुग्ण कोणत्या अवस्थेत येतो यावर ठरतात. म्हणून ‘दुसरी वेळ’ या शब्दांची जेवढी भीती लोक घेतात, तेवढी उशिराची घ्यावी, असे माझे मत आहे. आपल्या भागात उलटेच होते. भीतीपोटी सहा महिने, वर्ष निघून जाते आणि मग यकृताला सूज, पोटात पाणी आणि चढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावल्याची रक्तातली खूण) घेऊन रुग्ण येतो.

लग्नापर्यंत थांबू नका. दोन उशा लागणे आणि पायांवर सूज येणे याचा अर्थ असा की हृदय आता केवळ लघवीच्या गोळ्यांच्या आधाराने चालले आहे. तपासण्या आणि खालील तयारी यांना दोन-चार आठवडे लागतील. त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया झाली, तर छातीचे हाड सांधण्यास लागणारे साधारण तीन महिने लग्नाच्या आत पूर्ण होतात आणि आई मांडवात बसू शकतात. द्राक्षे उतरवायला माणसे मिळतील. मधल्या काळात रात्री दम कोंडून उठून बसावे लागले, चक्कर येऊन पडल्या, तोंड किंवा हात-पाय एका बाजूने लुळे पडले, किंवा लघवी गडद तांबडी होऊ लागली, तर नियोजित तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. थंडी वाजून ताप येत असेल, तर एक गोष्ट विशेष पाळावी: गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला लावावे. कृत्रिम झडपेवर जंतू बसले असतील, तर दोन-तीन गोळ्या पोटात गेल्यावर ते कल्चरमध्ये सापडेनासे होतात आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात.

आता दुसऱ्या वेळी नेमके वेगळे काय असते ते पाहू. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय, त्याचे आवरण आणि छातीचे मधले हाड यांच्यामध्ये व्रण तयार होतात आणि हे सगळे एकमेकांना चिकटते. पहिल्या वेळी हाड कापताना त्याच्यामागे मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी हृदयाचा उजवा कप्पा किंवा महाधमनी हाडाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असू शकते. आपल्या आईंच्या बाबतीत फुप्फुसातील दाब वाढलेला आहे आणि उजवीकडची झडप गळते आहे, त्यामुळे उजवी बाजू फुगून हाडाच्या अधिकच जवळ आलेली असण्याची शक्यता आहे. यासाठी छातीचा सीटी स्कॅन काढतात आणि हाड व हृदय यांतले अंतर मोजतात. अंतर फारच कमी असेल, तर छाती उघडण्याआधीच मांडीतल्या किंवा काखेजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून हृदय-फुप्फुस यंत्राची जोडणी तयार ठेवतात, म्हणजे कापताना रक्तस्राव झालाच तरी रक्ताभिसरण थांबत नाही. ‘छातीची शस्त्रक्रिया आणि टाके मांडीला कसे?’ असा प्रश्न नातेवाईक नंतर विचारतात. त्याचे कारण हे असते. मागच्या वेळी हाड बांधलेल्या तारा काढणे आणि चिकटलेले पदर इंचाइंचाने सोडवणे यांतच पुष्कळ वेळ जातो. तेव्हा बाहेर बसलेल्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळेशी तुलना करून घाबरू नये.

सीटीबरोबर अन्ननलिकेतून करावयाचा इको होईल. त्यात झडपेची गळती झडपेच्या आतून आहे की कडेने, आणि डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी आहे का, हे साध्या इकोपेक्षा स्पष्ट दिसते. वय पाहता हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफीही करतील, कारण एखादी वाहिनी बंद आढळली तर बायपासही त्याच वेळी उरकता येतो. त्यासाठी तिसऱ्यांदा छाती उघडायची वेळ येऊ नये. सीटी आणि अँजिओग्राफी दोन्हींत मूत्रपिंडांवर ताण आणणारे औषध टोचतात. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी करावयाच्या का आणि मध्ये क्रिएटिनिन पाहायचे का, हे विचारून घ्यावे.

घरी करण्याच्या तयारीत मी पहिले स्थान कागदांना देतो. २०१० ची फाइल शोधा. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या फळीवर, कपाटातल्या साड्यांखाली, कोठे असेल तेथून ती काढा. डिस्चार्ज कार्डाला टाचलेले किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेले एक लहानसे कार्ड त्यात असते आणि त्यावर झडपेची कंपनी, प्रकार, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि आकार लिहिलेला असतो. मायट्रल झडपेचा आकार २५, २७, २९ अशा मिलिमीटरमधल्या अंकांत असतो. हा अंक लहान दिसला तरी सर्जनच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण जुन्या झडपेच्या आत नवी बसवता येईल का आणि काढून बसवायची तर जागा किती मिळेल, हे त्यावरून कळते. याशिवाय शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मिळाली तर उत्तमच. पहिल्या वेळी हृदयाचे आवरण पुन्हा शिवले होते का, रक्तस्रावासाठी पुन्हा उघडावे लागले होते का, जखमेला पू झाला होता का, हे सारे त्यात असते. ती घरी नसेल, तर त्या रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज करा. नियमाप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. आपली मुदत टळून गेली आहे, तरी अनेक मोठ्या रुग्णालयांत जुन्या नोंदी सापडतात.

दुसरे दात. कृत्रिम झडपेवर जे जंतू जाऊन बसतात, त्यांतले बरेच हिरड्यांतून रक्तात शिरलेले असतात. किडलेले, हलणारे किंवा पू धरलेले दात शस्त्रक्रियेआधी काढून किंवा भरून घेतलेच पाहिजेत, आणि हिरडी भरून येण्यास अवधी मिळावा म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर न ढकलता आताच करावे. दंतवैद्यांकडे जाताना झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, या दोन्ही गोष्टी आधी सांगाव्यात. दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक मोठा डोस घ्यायचा असतो. सहसा तो २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलीनचा असतो आणि पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास दुसरे औषध देतात. आपण पत्रात लिहिलेले नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही: आई मिश्री लावतात का? आपल्याकडच्या त्यांच्या वयाच्या स्त्रिया ‘तंबाखू खात नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात आणि मिश्रीची डबी उशाखाली असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्याही खराब होतात आणि रक्तवाहिन्याही आवळतात. ती आजपासून बंद करावी. शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदम बंद झाली, तर आयसीयूत तलफेची तगमग वेगळी सोसावी लागते.

तिसरे रक्त. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे कारण शोधून लोहाची गोळी किंवा शिरेतून लोह देऊन ते आधीच वाढवून घेतात. रक्तपेढीविषयी एक बाब बहुतेकांना माहीत नसते. ज्यांना पूर्वी रक्त चढवलेले आहे आणि ज्या स्त्रियांची बाळंतपणे झालेली आहेत, त्यांच्या रक्तात इतरांच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात आणि मग गट जुळूनही पिशवी जुळत नाही. आईंना दोन्ही गोष्टी लागू आहेत. म्हणून तपासणीचा नमुना रक्तपेढीकडे काही दिवस आधीच जावा, असा आग्रह धरा. रक्तदात्यांची यादीही तयार ठेवा, कारण दुसऱ्या वेळी रक्त अधिक लागते.

औषधांपैकी रक्त पातळ करणाऱ्या गोळीविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. मधुमेह आणि हृदयाच्या अशक्तपणासाठी अलीकडे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पुष्कळांना चालू असतात. त्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. नुसती नावे सांगू नका. तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण आताच विकत घ्या आणि आईंना बसवून हळू, लांब श्वास आत ओढण्याची सवय लावा. ते फुंकायचे नसते, ओढायचे असते, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर दुखत्या छातीने शिकण्यापेक्षा आता शिकणे सोपे आहे. उशी छातीशी धरून खोकण्याचा सरावही याच दिवसांत करावा. छातीवरचे केस किंवा लव घरी वस्तऱ्याने काढू नये. बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू शिरतात. ते काम रुग्णालयात यंत्राने करतात.

मांडीतून झडप बसवण्याचे तंत्र खरे आहे आणि जुनी झडप जैविक असेल तरच ते शक्य होते. धातूच्या झडपेत ते करता येत नाही. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यातून पलीकडे जाऊन, जुन्या झडपेच्या चौकटीत नवी झडप उघडतात. वय बरेच असलेल्या किंवा छाती पुन्हा उघडणे झेपणार नाही अशा रुग्णांसाठी ते वरदान आहे. आईंच्या बाबतीत मात्र तीन अडचणी दिसतात. त्यांची उजवी झडपही गळते आहे आणि ती त्या मार्गाने दुरुस्त होणार नाही. जुनी झडप आकाराने लहान असेल, तर तिच्या आत दुसरी बसवल्यावर वाट आणखी अरुंद होते. आणि नवीही जैविकच असल्यामुळे ५४ व्या वर्षी ती पुरेशी टिकेल, असे धरता येत नाही. खर्चही मोठा आहे. तरीही सर्जनना हा प्रश्न जरूर विचारा, कारण सीटी पाहिल्यावरच त्याचे पक्के उत्तर मिळते.

उघडूनच करायची झाली तर कोणती झडप, हा प्रश्न उरतो. २०१० मध्ये जैविक झडप निवडण्याचे कारण गोळी टाळणे हे होते. आता अनियमित ठोक्यांमुळे गोळी चालूच आहे आणि आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आकड्याची) तपासणी तालुक्याच्या गावी होते. अशा स्थितीत तिसरी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी धातूची झडप विचारात घेणे मला योग्य वाटते. तिला व्यवहारात धातूची म्हणत असले तरी तिचा हलणारा भाग बहुधा कार्बनचा किंवा विशिष्ट प्लास्टिकचा असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलेली भारतीय झडपही याच वर्गातली आहे. मायट्रल जागी धातूची झडप असल्यास आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. आई गोळी न चुकता घेतील का आणि महिन्याला तपासणीला जातील का, याचे उत्तर सर्जनपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे, आणि ते ‘नाही’ असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

शेवटी, कोठे करावी. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये वैद्यकीय सेवेचा पाया घातल्यापासून आपल्या भागातील माणसे मोठ्या दुखण्यासाठी मिरजेकडे पाहत आली आहेत, आणि आता कोल्हापूर, कराड, पुणे हेही पर्याय आहेत. मी कोणत्याही रुग्णालयाचे नाव सुचवत नाही. सर्जनना एवढे विचारा: झडपेच्या दुसऱ्या वेळच्या शस्त्रक्रिया आपण नेमाने करता का, माझ्या आईसाठी आपल्या अंदाजाने धोका शेकडा किती, आणि तो कमी करण्यासाठी तारखेआधी आम्ही काय करावे? या तिसऱ्या प्रश्नाला जे सर्जन सविस्तर उत्तर देतात, त्यांच्याकडे जावे.

प्रश्न : माझे वय ६२. १९९६ मध्ये महाधमनीची झडप बदलून धातूची बसवली. गेली अनेक वर्षे अजिंक्यताऱ्याची चढण रोज चढत होतो, आता मध्येच थांबावे लागते. झडपेखाली पेशींची वाढ होऊन तिची उघडझाप अडते आहे, म्हणून ती बदलायची ठरली आहे. मी रोज रक्त पातळ करणारी असेनोकूमॅरॉल गोळी घेतो. एका मित्राच्या मते शस्त्रक्रियेआधी आठ दिवस ती बंद करून त्याऐवजी हळदीच्या कॅप्सूल आणि लसूण घ्यावा, म्हणजे रक्त नैसर्गिक रीतीने पातळ राहील. हे बरोबर आहे का? पोटावर टोचायची इंजेक्शने टाळता येतील का? (सातारा)

उत्तर : नाही, हा सल्ला धोकादायक आहे. आपल्या झडपेची उघडझाप आधीच अडते आहे. आठ दिवस संरक्षण नसेल तर तिच्यावर गुठळी बसून ती पूर्ण अडकू शकते, किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊ शकतो. झडपेचा रोजचा ‘टिक’ आवाज एकाएकी मंदावला किंवा बंद झाला आणि दम वाढला, तर ती अशी अडकल्याची खूण असू शकते; मग एक तासही घरी काढू नये.

गोळी थांबवावी लागते, हे खरे. याच प्रकारची वॉरफरीन ही गोळी साधारण पाच दिवस आधी थांबवतात. असेनोकूमॅरॉलचा परिणाम लवकर ओसरत असल्यामुळे ते त्याहून उशिरा, बहुधा तीन दिवस आधी थांबवतात. आयएनआर खाली येऊ लागला की मधली पोकळी हेपरीन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने भरून काढतात. ते रुग्णालयात दाखल करून शिरेतून देतात किंवा त्याच जातीचे एनॉक्सापॅरीन पोटावर टोचतात. त्याचा डोस वजन आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरतो आणि शेवटचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या सुमारे २४ तास आधी देतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू शकते. तेव्हा ही इंजेक्शने टाळायचा विचार सोडा. कोणत्या तारखेला कोणती गोळी बंद, कोणत्या तारखेपासून इंजेक्शन, आयएनआर कधी पाहायचा आणि किती आला तर फोन करायचा, हे सर्जनच्या किंवा हृदयरोगतज्ज्ञांच्या सहीने एका कागदावर लिहून घ्या. तोंडी सूचना दोन डॉक्टर आणि तीन नातेवाईक यांच्यामधून येता-येता बदलतात.

भाजी-आमटीतल्या हळदीला काहीच हरकत नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेशेजारी राहून हळद सोडा, असे कोण सांगेल! परंतु हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या आणि गुळवेलीसारखे काढे गोळीचा परिणाम अनिश्चित करतात. त्या घेत असाल तर आजच बंद करा आणि आयएनआर पाहून घ्या. मेथी, पालक, शेवग्याचा पाला यांतील के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. त्या भाज्या सोडायच्या नाहीत, फक्त एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असे करू नये. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. नव्या प्रकारच्या, आयएनआर न लागणाऱ्या गोळ्या घेऊ का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. त्यांपैकी डाबिगॅट्रानची अशा रुग्णांवर चाचणी झाली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही अधिक होऊ लागल्याने ती मध्येच थांबवावी लागली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. सतराव्या वर्षी माझी मायट्रल झडप बदलून जैविक बसवली होती. ती आता बरीच अरुंद झाली आहे आणि पुन्हा बदला असे सांगितले आहे. लग्नाला दोन वर्षे झाली. सासूबाईंचे म्हणणे, आधी मूल होऊ द्या, शस्त्रक्रिया नंतर करू. आमचे डॉक्टर नको म्हणतात. (फलटण)

उत्तर : डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे दीडपट होते. अरुंद झडपेतून एवढे रक्त पुढे जात नाही, ते फुप्फुसात तुंबते आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. आधी झडप, मग मूल, हा क्रम बदलू नये आणि तोवर दिवस राहणार नाहीत याची खात्रीची व्यवस्था स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून करावी. गर्भनिरोधक गोळ्यांपैकी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या गुठळीचा धोका वाढवतात, म्हणून त्या परस्पर घेऊ नयेत.

झडपेची निवड तुमच्यासाठी तासगावच्या मातोश्रींपेक्षा अवघड आहे. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यासाठी लागणारे वॉरफरीन गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंग निर्माण करू शकते आणि धोका रोजचा डोस ५ मिलिग्रॅमच्या वर असल्यास अधिक असतो. त्या काळात इंजेक्शनांवर राहिल्यास बाळ सुरक्षित राहते, परंतु झडपेवर गुठळी होण्याची भीती वाढते. जैविक झडपेत गरोदरपण तुलनेने सोपे जाते. मात्र तरुण वयात ती लवकर झिजते, हे तुम्ही अनुभवलेच आहे. म्हणजे तिसरी शस्त्रक्रिया जवळजवळ धरूनच चालावे लागते. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर येथे नाही. सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि अशा गरोदर स्त्रियांची काळजी घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी शस्त्रक्रियेच्या आधी बोलणे व्हावे, आणि त्या वेळी यजमान सोबत हवेतच. सासूबाईंनाही एकदा न्या. हीच गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की घरातला वाद बहुधा मिटतो. संधिवाताच्या तापासाठी तुम्हाला २१ दिवसांनी मिळणारे पेनिसिलीनचे इंजेक्शन झडप बदलली म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

प्रश्न : वडिलांची झडप पुन्हा बदलायची आहे. आम्ही शेतमजूर आहोत. पहिल्या वेळी दोन एकर जमीन गहाण पडली. या वेळी काय मार्ग आहे? (जत तालुका)

उत्तर : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच ती मिळते आणि तेथे रुग्णांना मदत करणारे योजनेचे आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांना भेटून ‘ही दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया आहे’ हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि मंजुरी कोणत्या पॅकेजखाली मागणार, झडपेची किंमत त्यात येते का, मंजुरीला किती दिवस लागतील, हे विचारा. मंजुरीआधी स्वतःहून पैसे भरू नका. भरलेले परत मिळवणे कठीण जाते. योजनेबाहेरचा मार्ग म्हणजे धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांकडे अर्ज करावा लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करता येतो.

अडचण बहुतेक वेळा पैशाआधी कागदांवर येते. शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असले, किंवा मुले वेगळी निघाल्यावर त्यांचे नाव कोणत्याच शिधापत्रिकेवर उरले नसले, तर मंजुरी अडते. आरोग्यमित्रांना दोन्ही कागद आताच दाखवा आणि फरक असेल तर वडील दवाखान्यात दाखल होण्याआधी तहसील कार्यालयातून दुरुस्त करून घ्या.